नदीचा उतार

गेल्या वैशाखात काही विद्यार्थ्यांस बरोबर घेऊन आम्ही जालन्याहून अंबडमार्गे शहागडास गेलो होतो. दुपारची वेळ, वाऱ्याच्या झोतात झळा, आणि अंगावरचे कपडे घामाने चिकटलेले. शहागडचा पूल दिसताच मुलांनी गाडी थांबवण्याचा आग्रह धरला. खाली गोदावरीचे पात्र होते. बहुतेक वाळू आणि खडक, परंतु एका बाजूस हिरवट पाण्याचा रुंद पट्टा संथ पसरला होता. त्यात उडी घ्यावी अशी इच्छा आमच्यासारख्या पन्नाशी उलटलेल्या मनुष्यासही झाली. मग विशी न गाठलेल्या मुलांस दोष कोण देणार? ती सदरे काढून काठाशी जातात न जातात तोच बाभळीच्या सावलीत शेळ्या राखीत बसलेला एक म्हातारा काठी टेकीत उठला व आम्हांस म्हणाला, ‘‘गुरुजी, पोरांला उतरू देऊ नका. ह्या पान्याची आता आमालाच वळख राह्यली नाही.’’

मुले हिरमुसली. आम्ही मात्र त्या वाक्यापाशी अडकलो. ज्याचा जन्म नदीकाठी गेला त्यास नदीचे पाणी अनोळखी व्हावे, हे कसे घडले? उन्हातान्हात चालून आलेल्या वाटसरूने वाटेवरच्या नदीत अंग बुडवावे ही इतकी साधी गोष्ट आहे, की तिला काही इतिहास असेल असे कोणाच्या मनातही येत नाही. पण जालना जिल्ह्याच्या नद्यांपुरते पाहिले, तरी त्या साध्या गोष्टीच्या आधाराने रस्ते ठरले, मुक्काम ठरले, एका मोठ्या लढाईचा निकाल लागला, असे आढळून येते.

प्रथम ह्या भूमीचे पाणी पाहू. जालना शहरातून कुंडलिका वाहते; ती दुधनेस मिळते. दुधना पूर्णेस मिळते. उत्तरेकडे भोकरदनजवळून केळणा येते, तीही पूर्णेच्याच पोटात जाते. आणि पूर्णा शेवटी गोदावरीस मिळते. गोदावरी स्वतः जिल्ह्याच्या दक्षिण सीमेवरून वाहते. तिला येथील लोक गोदावरी फारसे म्हणत नाहीत; ‘गंगा’ म्हणतात, व तिच्या काठच्या मुलखास ‘गंगथडी’. हा जिल्हा १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आला, म्हणजे नकाशावरील त्याचे वय अगदी थोडे. परंतु ह्या नद्या ओलांडून जाणारे रस्ते दोन हजार वर्षांहून जुने आहेत.

सातवाहनांची राजधानी प्रतिष्ठान, म्हणजे आजचे पैठण. तेथून उत्तरेस माळव्याकडे जाणारा व्यापारी मार्ग ह्याच प्रदेशातून जात असे, आणि त्यावरील मोठे ठाणे म्हणजे भोगवर्धन. ते आजचे भोकरदन होय. भोगवर्धनच्या रहिवाशांनी सांची व भारहूत येथील स्तूपांस दाने दिल्याचे तेथील कोरीव लेखांवरून कळते. भोकरदन येथे झालेल्या उत्खननात हस्तिदंताची एक स्त्रीमूर्ती सापडली, आणि तिचे इटलीतील पाँपेई येथे मिळालेल्या मूर्तीशी फार साम्य आहे. इतक्या दूरवर ज्या गावाचे हात पोचले होते, ते गाव केळणेच्या काठी वसले आहे, हा काही योगायोग नव्हे. बैलांचे तांडे पाण्यावाचून चालत नाहीत. दिवसाची मजल पाण्यापासून पाण्यापर्यंत मोजली जाई. जेथे बैल पाणी पितील, माणसे अंग धुतील व चूल पेटवतील, तेथे मुक्काम, आणि जेथे मुक्काम तेथे कालांतराने बाजारपेठ. हालाच्या ‘गाथासप्तशती’त गोदावरीच्या तीरावरील प्रसंग पुनःपुन्हा येतात, ते ह्याच कारणाने. नदीचा काठ हा त्या काळी लोकांच्या भेटीगाठींचा चव्हाटाच होता.

जुन्या प्रवासाचा दिनक्रम आज आपणांस कल्पनेनेच उभा करावा लागतो. पहाटेच्या चांदण्यात निघावे, ऊन तापण्यापूर्वी मजल पुरी करावी, नदी लागताच ओझी उतरावीत, स्नान करावे, धोतर वाळवंटावर वाळत घालावे, मग स्वयंपाक. स्नान होईपर्यंत अन्न नाही, असा बहुतेकांचा नियम. त्यामुळे नदी गाठणे म्हणजे जेवण गाठणेच होते. धर्म आणि शरीर ह्यांची येथे चांगली जुळणी झाली होती. हवेपेक्षा पाणी अंगातील उष्णता सुमारे पंचवीसपट वेगाने ओढून घेते. आणि मराठवाड्यासारख्या कोरड्या हवेत ओले अंग वाऱ्यावर वाळताना आणखी गारवा देते. आमच्या पूर्वजांनी हे मोजले नव्हते, पण अनुभवले पुरेपूर होते.

मात्र त्या अनुभवात भीतीही होती. मनुस्मृतीत जेवणानंतर, आजारात व मध्यरात्री स्नान करू नये असे सांगितले आहे; आणि त्याच ठिकाणी जे जलाशय आपणांस माहीत नाहीत त्यांत उतरू नये, अशीही आज्ञा आहे. दुसऱ्या एका श्लोकात तर नदी बाहूंनी पोहून तरू नये असे स्पष्ट म्हटले आहे. शहागडच्या म्हाताऱ्याने मनुस्मृती वाचली असण्याचा संभव नाही. पण ‘वळख नाही’ हे त्याचे शब्द आणि स्मृतिकारांचा हा निषेध ह्यांत अंतर फारसे नाही. धर्मशास्त्राच्या पोथीत हा नियम शिरला, त्याअर्थी कित्येक वाटसरू अनोळखी डोहांत गेले असले पाहिजेत.

हा निषेध सर्वांनी पाळला असे मात्र नाही. परमुलखातून आलेल्या बाबर बादशहाचेच उदाहरण घ्या. हिंदुस्थानातील उन्हाळा व धूळ ह्यांविषयी त्याची तक्रार त्याच्या आत्मचरित्रात प्रसिद्धच आहे. त्याच ग्रंथात १५२९ सालच्या हकीकतीत तो लिहितो की, आपण गंगा पोहून पार केली, हात मोजले ते तेहतीस भरले, आणि क्षणभर दम खाऊन आपण पुन्हा पोहत परत आलो. वाटेत लागलेल्या इतर नद्या आपण पूर्वीच पोहून झाल्या होत्या, एक गंगाच राहिली होती. राज्य जिंकून झाल्यावरही त्यास ती उणीव वाटत होती. नदी तोंडावरून गेली आणि अंगाखालून गेली नाही, तर तो मुलूख पुरता आपला झाला नाही, असे काहीसे त्याच्या मनात असावे.

सामान्य वाटसरू ह्या फंदात पडत नसे. पाणी उतारास आलेले असले तर तो लुगडे-धोतर वर खोचून एकमेकांचे हात धरून जाई. नसले तर सुक्या भोपळ्यांच्या सांगडीवर किंवा कोळ्याच्या नावेतून. सतराव्या शतकात फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निये ह्याने सुरतेहून गोवळकोंड्यास जाणाऱ्या वाटेचे मुक्काम दिले आहेत. त्यांत औरंगाबादेच्या पुढे अंबड व आष्टी ही आपल्या जिल्ह्यातील नावे येतात, आणि पुढे नांदेड. हिऱ्यांचा व्यापारी झाला तरी त्यालाही नदीकाठच्या माणसांवरच विसंबावे लागे. पाण्याखाली खडक कोठे, वाळू कोठे पोकळ, भोवरा कोठे फिरतो, हे कोळ्याला, गुराख्याला आणि धुणे धुणाऱ्या बायांना ठाऊक असे. ही विद्या कोणत्याही दप्तरात लिहिलेली नव्हती. रोज नदीत उतरण्याने ती अंगी मुरत असे आणि बापाकडून लेकाकडे जात असे.

ह्या विद्येचे मोल किती, हे २३ सप्टेंबर १८०३ रोजी ह्याच जिल्ह्यात दिसून आले. शिंदे आणि नागपूरकर भोसले ह्यांचे सैन्य भोकरदनच्या पूर्वेस, केळणा व जुई ह्या दोन नद्यांच्या बेचक्यात उतरले होते. कंपनी सरकारचा सेनापती आर्थर वेलस्ली, जो पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला, त्याची व कर्नल स्टीव्हन्सन ह्याची २१ तारखेस बदनापूर येथे मसलत झाली, आणि दोघांनी निरनिराळ्या वाटांनी जाऊन २४ तारखेस मिळून हल्ला करावा असे ठरले. परंतु २३ तारखेस सकाळची मजल संपवून मुक्कामाच्या जागी पोचतो तोच वेलस्लीस कळले की, शत्रू पाच-सहा मैलांवरच आहे. स्टीव्हन्सनची वाट न पाहता त्याने पुढे जाण्याचे ठरवले. केळणेच्या काठी येऊन पाहतो तो समोर शत्रूची फौज व तोफा. आणि उघड दिसणाऱ्या उतारावर तिचा पहारा.

बाजूने नदी ओलांडावयाची तर दुसरा उतार हवा होता. बरोबरच्या वाटाड्यांनी तसा उतार नाही असे निक्षून सांगितले. वेलस्लीने दुर्बीण लावली. खालच्या अंगास नदीच्या ह्या काठावर एक गाव व नेमके त्याच्या समोर पलीकडच्या काठावर दुसरे गाव त्यास दिसले. पिंपळगाव आणि वरूड ही त्यांची नावे. त्याने तर्क बांधला की, दोन गावे एकमेकांस इतकी जवळ समोरासमोर वसली असतील तर त्यांच्यामध्ये जाण्यायेण्याची वाट असलीच पाहिजे. तपास करविला तो खरेच उतार निघाला. तोफांच्या माऱ्यात नदी ओलांडताना वेलस्लीच्या शेजारच्या स्वाराचे डोके गोळ्याने उडाले. परंतु सैन्य पार झाले. सकाळपासून सुमारे चोवीस मैल चालून आलेल्या त्या फौजेने आसईच्या मैदानात संध्याकाळपर्यंत लढाई जिंकली. प्रत्यक्ष लढलेल्या सुमारे ४५०० लोकांपैकी १५०० हून अधिक मेले किंवा जखमी झाले. मराठ्यांच्या गोलंदाजांनी तोफांजवळ उभे राहून प्राण दिले, ही गोष्ट शत्रूनेही मान्य केली. आयुष्यात आपण केलेली उत्तम लढाई कोणती असे पुढे विचारले असता, वॉटर्लूच्या ह्या विजेत्याने आसईचे नाव घेतले.

ह्या प्रसंगाची आठवण इंग्रज इतिहासकार वेलस्लीच्या तर्कबुद्धीचा दाखला म्हणून देतात, आणि तर्क खरोखरच तल्लख होता. पण आमच्या मनात दुसराच विचार येतो. तो उतार वेलस्लीने निर्माण केला नव्हता. शेकडो वर्षे पिंपळगावची गुरे पलीकडे चरावयास गेली, वरूडच्या लेकी अलीकडे नांदावयास आल्या, उन्हाळ्यात पोरांनी त्या पाण्यात डुंबून त्याचा तळ पायांनी चाचपला; तेव्हा तो उतार झाला. नदीकाठच्या माणसांच्या नित्याच्या जाण्यायेण्याने जे लिहिले गेले होते, ते एका परक्याने दुर्बिणीतून वाचले. ज्यांची ती नदी, त्यांच्या सरदारांनी ते वाचले नाही. त्याच सेनापतीने ह्या मोहिमेपूर्वीच हिशेब मांडला होता की, पावसाळ्यात नद्या भरल्या म्हणजे मराठ्यांचे घोडदळ अडेल, आणि आपणांजवळ कातडी मढवलेली टोपल्यांची होडकी असतील तर आपण अडणार नाही. ज्या नद्यांनी मराठ्यांस पिढ्यान्‌पिढ्या पोसले, त्यांचाच अभ्यास परका अधिक काळजीने करीत होता, ही गोष्ट आम्हांस पराभवाहूनही बोचते.

पाण्याशी जवळीक ही केवळ व्यापाराची व युद्धाची बाब नव्हती, हेही ह्याच जिल्ह्यातील एका पुरुषाच्या चरित्रावरून दिसते. समर्थ रामदासांचा जन्म १६०८ साली गंगथडीतील जांब येथे झाला. लग्नमंडपातून निघालेला तो मुलगा गोदावरीच्याच काठी, नाशिकजवळच्या टाकळीस जाऊन राहिला, आणि नंदिनी व गोदावरी ह्यांच्या संगमावर पहाटेपासून दुपारपर्यंत पाण्यात उभे राहून त्याने बारा वर्षे जप केला, असे परंपरा सांगते. ‘दासबोधा’च्या सोळाव्या दशकात पाण्यावर एक स्वतंत्र समास आहे; आणि अकराव्या दशकातील ‘चंचळ नदी’च्या समासात मायेला नदीचे रूपक देऊन, तिच्या ओघात वाहून जाणारे कोण आणि उलट पोहत उगमास पोचणारे कोण, ह्याचे वर्णन केले आहे. हे रूपक घरात बसून सुचणारे नव्हे. प्रवाहाच्या विरुद्ध पोहताना छातीस काय लागते, हे ज्याने जाणले त्याचेच ते आहे. समर्थांचा दासबोध वाचणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांपैकी किती जणांनी वाहत्या पाण्यात एकदा तरी हात मारले असतील?

येथवर लिहिताना जुन्या काळाचे चित्र आमच्याकडून नकळत गोड रंगत चालले आहे, हे आम्हांस कळते. म्हणून त्याची काळी बाजूही सांगणे आमचे कर्तव्य आहे. उतार सर्वांचा असला तरी घाट सर्वांचा नव्हता. वरच्या अंगाचे पाणी कोणाचे व खालच्या अंगाचे कोणाचे, हे गावोगाव ठरलेले असे. आणि चालून थकलेल्या अस्पृश्य वाटसरूस तहान लागली तरी पाणवठा पाहून, बेताने, दूर जाऊनच ओंजळ भरावी लागे. ज्या गंगेत स्नान केल्याने पाप जाते, ती काही माणसांच्या स्पर्शाने मात्र विटाळते, ह्या विसंगतीवर आमच्या शास्त्री-पंडितांनी फारसा विचार केला नाही. तो करावयास लावला डॉ. आंबेडकरांनी. २० मार्च १९२७ रोजी ते महाडच्या चवदार तळ्यावर गेले आणि हजारोंच्या समक्ष त्यांनी तेथील पाणी ओंजळीने प्याले. तळे सार्वजनिक आहे हे मुंबई उच्च न्यायालयाकडून ठरण्यास १९३७ साल उजाडले. महाड येथून दूर खरे. पण ओंजळभर पाण्याचा तो प्रश्न गंगथडीतील प्रत्येक पाणवठ्याचाही होता. नदीशी ओळख असणे हे भाग्य मानावयाचे, तर ते भाग्य कित्येकांस जाणूनबुजून नाकारले गेले होते, हे विसरून चालणार नाही.

आता त्या म्हाताऱ्याच्या वाक्याकडे पुन्हा येतो. ओळख गेली ती एका दिवसात नव्हे. १९०० साली मनमाड-सिकंदराबाद लोहमार्ग सुरू झाला आणि जालना त्यावरील स्टेशन बनले. प्रवासी डब्यात बसून नद्यांवरून जाऊ लागला. पुढे सडका झाल्या, त्यांवर पूल आले. पुलाने फार मोठे कल्याण केले, ह्यात संशय नाही. पावसाळ्यात अडलेल्या बाळंतिणीस किंवा तापकऱ्यास विचारावे, म्हणजे पुलाची किंमत कळेल. परंतु पूल आला तसा उतार निरुपयोगी झाला, आणि उतार निरुपयोगी झाला तशी तो जाणणाऱ्यांची गरज सरली. पैठणच्या जायकवाडी धरणाचा पाया १९६५ साली लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते घातला गेला, व १९७६ साली इंदिरा गांधींच्या हस्ते त्याचे उद्‌घाटन झाले. त्याच्या डाव्या कालव्याने ह्या जिल्ह्यातील कित्येक शिवारे भिजली. परंतु धरणाच्या खाली नदी आता ऋतूप्रमाणे वाहत नाही; सोडली म्हणजे येते, न सोडली म्हणजे थांबते. पुढे ठिकठिकाणी बंधारे बांधले गेले, व त्यांच्या मागे पाणी तुंबून राहिले. त्यात भर वाळूच्या उपशाची. जेथे काल गुडघाभर वाळू होती तेथे आज दोन पुरुष खोल खड्डा, आणि वरून पाणी मात्र तसेच शांत. तळ दर हंगामास बदलणाऱ्या अशा नदीची ओळख कोणास व कशी राहावी? १९७२ च्या, आणि पुढे २०१२-१३ च्या दुष्काळात तर पिण्याच्या पाण्याचीच मारामार झाली. तेथे डुंबण्याची गोष्ट कोण काढणार!

परिणाम असा झाला आहे की, उन्हाळ्याच्या सुट्टीत पाहुणी आलेली मुले नदीत बुडाल्याची बातमी दरवर्षी वाचावी लागते. लोक मुलांच्या उतावीळपणास नावे ठेवतात. आम्हांस तसे म्हणवत नाही. उन्हाने पोळलेल्या शरीराची पाण्याकडील ओढ ही भोगवर्धनच्या तांड्याइतकीच आजही जिवंत आहे. कमी झाली आहे ती पाण्याची माहिती. ती परत आणता येईल की नाही? पोहणे शाळेत शिकवावे, वाळूच्या उपशास खरोखर आळा घालावा, निदान काही पाणवठे तरी उतरण्याजोगे राखून तेथे जाणता माणूस नेमावा, इतके तर कोणत्याही ग्रामपंचायतीच्या व सरकारच्या आवाक्यातले आहे. खानदेशातून पंढरपुरास निघालेली मुक्ताईची पालखी आजही जालना-अंबडकडून येऊन शहागडजवळ गोदावरी ओलांडते. चालत येणाऱ्या त्या वारकऱ्यांस नदीत निर्भयपणे उतरता यावे, एवढी जरी कसोटी आपण लावली, तरी पुष्कळ काम होईल.

मुलांनी त्या दिवशी काठावरच्या एका शेतातील पंपाखाली आंघोळ केली. मळेवाल्याने आनंदाने करू दिली. आम्ही म्हाताऱ्याजवळ बसलो होतो. पूर्वीचा उतार कोठे होता, असे त्यास विचारले. त्याने काठीने पुलाच्या वरच्या अंगास दाखविले आणि म्हणाला, ‘‘त्या तिथून. माझं वऱ्हाड तिथूनच गेलं. आमच्या मंडळीला मीच हात धरून आणलं पल्याडून. पानी मांडीइतकं व्हतं.’’ तेथे पाहिले तो पाण्यावर नुसते ऊन चमकत होते. मुले ओल्या केसांनी परत आली, तेव्हा आम्ही त्यांस ती जागा दाखविली, आणि वहीत तिची खूण करून घ्यावयास सांगितले.